चौदा नंबरचा फळा

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांचा ‘अकरा’. सोसायटीतल्या सगळ्यांना ते घराच्या नंबराने ओळखायचे. “सात, तुमचं दूध उतू चाललंय, वास येतोय.” “अठरा, गाडी तिरकी लावलीत.” घरातल्या प्रत्येकाला तोच नंबर. माझी मुलगी लहान होती तेव्हा तिला ते ‘छोटे अकरा’ म्हणायचे आणि ती जिन्यातून ओरडायची, “काय चौदा?” कारण ते स्वतः चौदा नंबरात राहायचे. बायको तिला दटावायला गेली तर तेच अडवत. “बरोबर आहे तिचं. नियम सगळ्यांना सारखा.”

त्यांना जाऊन पाच वर्षं झाली. शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं, तेव्हा मी घसा बसल्याचं सोंग केलं. लोकांना वाटलं, याला भरून आलंय. भरून वगैरे काही आलं नव्हतं. भीती वाटली होती. त्यानंतरही मी त्यांच्याबद्दल कुठे काही बोललो नाही, घरातसुद्धा नाही. गेल्या महिन्यात दिघ्याला जाऊन आलो आणि तिथे जे कळलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही. ते ओघाने येईलच. आधी चौदा कसे होते ते सांगायला हवं, म्हणजे मी काय केलं ते समजेल.

चौदा वजनमापे निरीक्षक होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. साधे कपडे घालून दुकानात जायचं, किलोभर साखर मागायची, बाहेर येऊन आपल्या काट्यावर तोलायची आणि मग परत आत जाऊन ओळखपत्र दाखवायचं. निवृत्त झाल्यावर ओळखपत्र गेलं, सवय राहिली. खिशात दोनशे ग्रॅमचं पितळी वजन कायम असायचं. भर मे महिन्यात लांब बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, आणि डाव्या खिशात ते वजन, त्यामुळे शर्ट एका बाजूला ओघळलेला. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ते ठेवायचे आणि आकडा दोनशे येईपर्यंत श्वास रोखून बघायचे. आकडा बरोबर आला की चेहऱ्यावर किंचित निराशा.

करावे गावातून मासे घेऊन येणारी एक कोळीण आमच्या गेटाशी बसायची. तिच्यापुढे मात्र त्यांचं काही चालेना. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काटा कुठाय. ती म्हणाली, “वाटा हाय बाबा, तोलाचा नाय. डोल्यांनी बघाचा नि घ्याचा.” चौदांनी वजन खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, “ही पास. हिला तपासायला जागाच नाही.”

पास आणि नापास. त्यांच्या जगात एवढंच होतं. आणि एक सिद्धांत होता, तो ते मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचे. “माझा बाप रस्त्यात दगड दिसला तर बैलगाडीतून उतरून बाजूला करायचा. मी सायकलवरून उतरून करायचो. माझा मुलगा दगडाला वळसा घालून गाडी नेतो. आणि त्याचा मुलगा काय म्हणतो माहितीय? आजोबा, फोटो काढा आणि महापालिकेला टाका. उतरणं कमी होत गेलं, अकरा. बाकी काही नाही झालं. पिढीगणिक चार चार आणे गेले. बाप सोळा, मी बारा, मुलगा आठ, नातू चार.”

“आणि मी?” मी एकदा विचारलं.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुम्ही माझ्यासोबत बसता म्हणून नऊ.”

सिद्धांत नुसता बोलून त्यांचं समाधान व्हायचं नाही. तोलून बघायला हवं. मग ते सोसायटीत परीक्षा घ्यायचे. बागेतला नळ थोडा उघडा ठेवायचा आणि बाकावर बसून मोजायचं, किती जण बघून जातात आणि कोण बंद करतं. जिन्यातला दिवा भर दुपारी चालू. पायरीवर कुणाची तरी चप्पल उलटी. एकदा गेटात केळ्याचं साल टाकलं होतं. कानात हेडफोन घातलेल्या एका तरुणाने न थांबता ते बुटाने गटाराकडे ढकललं. त्यावर आमचा वीस मिनिटं वाद झाला. तो वाकला नाही म्हणून नापास, की धोका टळला म्हणून पास? शेवटी चौदांनी त्याला अर्धा मार्क दिला आणि रात्री जेवताना त्यांना तोही जास्त वाटला, असं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

निकाल लागायचा गेटाजवळच्या फळ्यावर. फळा सोसायटीचाच, पण काळा रंग त्यांनी स्वतःच्या हाताने दिलेला. पहाटे फिरायला जाताना ते खडूने लिहून जायचे आणि दुपारी बाराला वॉचमन फळा पुसायचा. अक्षर सरकारी, ठसठशीत, शिरोरेघ फुटपट्टीने ओढल्यासारखी. ‘काल. बागेतील नळ. गेले: एकतीस. बंद करणारे: शून्य.’ नापासांची नावं ते लिहीत नसत. अपवाद एकदाच केला. ‘आज. चौदा: गॅस चालू ठेवून फिरायला गेले. नापास.’ दिवसभर ते त्या फळ्यासमोरून डोकं वर ठेवून जात-येत होते.

खरं सांगायचं तर तो फळा कुणी वाचत नव्हतं. गेटात ते दिसले की लोक चालता चालता “वाचलं हां काका” म्हणायचे आणि सुटका करून घ्यायचे. त्यांना ते खरं वाटायचं. लिहिलेलं माणूस वाचतो, यावर त्यांची श्रद्धा होती.

मी मात्र त्यांच्याबरोबर बसायचो. महाप्याला एका कंपनीत स्टोअर्सचं काम करून सहाला घरी यायचो, चहा घ्यायचो आणि खाली बाकावर. का बसायचो? मी पुष्कळ विचार केलाय. मला बरं वाटायचं. आपण बाकावर बसून दुसऱ्याला नापास होताना बघत असलो की आपण आपोआप पास झालेलो असतो. आणि मी सोसायटीच्या कमिटीतही होतो. म्हणजे लक्ष ठेवणं माझं कर्तव्यच, अशी मी मनाची समजूत घातली होती.

आता टाकीचं सांगतो.

आमच्या चार मजली इमारतीला गेटातून जिन्याकडे जाताना डाव्या हाताला जमिनीखालची पाण्याची टाकी आहे. तिचं झाकण लोखंडी, चौकोनी, दोन कड्यांचं. दिघ्याहून एक पंपवाले यायचे. मूळचे परभणीकडचे. सकाळ-संध्याकाळ आमच्यासकट चार सोसायट्यांचे पंप चालवायचे. पाण्याची पातळी बघून झाली की ते झाकण लावायचे आणि बसलं की नाही हे बघायला त्यावर दोनदा पाय आपटायचे. धाड, धाड. तिसऱ्या मजल्यावर माझ्या घरात तो आवाज यायचा. हे मुद्दाम सांगतोय. सोसायटीतल्या प्रत्येकाने तो आवाज रोज दोनदा ऐकलेला होता.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवार होता. पंपवाल्यांचे दोन पाय आपटून झाले, सायकल गेटाबाहेर गेली. चौदा बाकावरून उठले. “अकरा, आज मोठी परीक्षा. नळ, दिवे पुष्कळ झाले. धरा तिकडून.”

मी एक कडी धरली, त्यांनी दुसरी. झाकण अर्धं सरकवून एका कडेखाली वीट लावली. हे एकट्याचं काम नव्हतं.

“काका, कुणी पडलं तर?” मी विचारलं. विचारलं होतं हे खरं आहे, पण हातातली कडी न सोडता विचारलं होतं.

“पडेल कसं? आपण दोघं बसलोय ना इथे.”

बाकापासून टाकी आठ पावलं. आम्ही बसलो. चौदा बोटांच्या पेरांवर मोजत होते. एक जण फोनवर बोलत कडेने गेला. दोघांनी वाकून आत बघितलं आणि गेले. एकाने बायकोचा दंड धरून तिला वळसा घालून नेलं, “सांभाळून, उघडंय.” चौदा पुटपुटले, “स्वतःच्या बायकोपुरता पास.” मग एका तरुणाने थांबून फोटो काढला. लगेच माझ्या खिशातला फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, खाली ‘टाकी उघडी आहे, कमिटीने लक्ष द्यावे.’ मी चौदांना दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. “दगडाचा फोटो,” ते म्हणाले, “बघा, माझा नातूच.”

कमिटी म्हणजे मीच होतो. फोन माझ्याच हातात होता. तरीही मी उठलो नाही. उठलो असतो तर परीक्षा मोडली असती.

बावीस माणसं गेली. तेविसाव्या सात नंबरच्या बाई. मूळच्या श्रीवर्धनकडच्या, शाळेत गणित शिकवायच्या. नवरा आखातात, मुलगी पनवेलला दिलेली. हातात भाजीची पिशवी होती. झाकण बघून थांबल्या. इकडे तिकडे बघितलं. पिशवी भिंतीला टेकवून ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि वाकल्या.

चौदांनी माझं मनगट घट्ट धरलं. “पास. अकरा, पास झाल्या. बघा.” त्यांचे डोळे भरले होते. “आहेत हो अजून. आहेत.”

बाईंनी पायाने वीट काढली. टाकीभोवती सिमेंट कायम ओलं असायचं. त्यांचा दुसरा पाय घसरला आणि मांडीपर्यंत आत गेला. झाकणाची कड वरून गुडघ्यावर आली. बाई ओरडल्या नाहीत. नुसता “अल्ला” असा एक शब्द, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. माझं मनगट अजून चौदांच्या हातात होतं.

आठ पावलं आम्ही धावलो. झाकण उचललं. त्याच दोन कड्या, तेच दोघं. माणसं गोळा झाली. चौदा जमिनीवर गुडघे टेकून बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, “झाकण उघडं कुणी ठेवलं?”

मी म्हणालो, “पंपवाले आत्ताच गेले.”

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. रोज दोनदा ऐकलेला तो पायांचा आवाज एकालाही आठवला नाही.

दवाखान्यात रिक्षातून चौदाच घेऊन गेले. मला कमिटीने थांबवलं. आठ वाजता पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच मीटिंग झाली आणि पंपवाल्यांना उद्यापासून बंद करायचं ठरलं. चेअरमनने कागद पुढे केला. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी दूध आणायला उतरलो. गेटात कुणी नव्हतं. फळ्यावर ते ठसठशीत अक्षर.

‘काल. टाकीचे झाकण. उघडे ठेवणारे: चौदा व अकरा. पाहत बसलेले: चौदा व अकरा. लावायला गेलेल्या: सात.’

नोकरी, कमिटी, बायकोचे आईवडील, सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर आलं. मग मी बागेतल्या नळावर रुमाल भिजवला आणि फळा पुसला. कडेपासून कडेपर्यंत, चार हात मारून. वर आलो तेव्हा दूध आणायचंच राहिलं होतं. नळ मात्र नीट बंद केला होता.

पंपवाले नऊला कमिटीसमोर आले. चेअरमन बोलत होते, मी त्यांच्या मागे होतो. पंपवाले फळ्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत फळ्याकडे. “साहेब, मी लावलं होतं,” एवढंच दोनदा म्हणाले आणि किल्ल्या ठेवून गेले. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, बिचारा गांगरलाय.

आणि चौदा? त्या दिवशी ते फिरून परस्पर दवाखान्यात गेले आणि परतले ते बारा वाजून गेल्यावर, फळा रोजच्यासारखा पुसलेला असण्याच्या वेळी. पुढचे तीन दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत फळ्याखाली उभे होते. शर्टाची बटणं लावून. कुणीतरी येईल, चार शब्द सुनावेल, कॉलर धरेल, याची वाट बघत. लोक येत होते. “काका, तुम्ही होतात म्हणून बाई वाचल्या.” “काका, या वयात काय धावलात.” अठरा नंबरने तर त्यांना पेढे दिले. प्रत्येकाच्या तोंडाकडे ते बघत राहायचे. मी आयुष्यात इतका हादरलेला माणूस पाहिलेला नाही.

“अकरा,” ते म्हणाले, “सगळ्यांनी वाचलंय. आणि मला शाबासकी देतायत.”

मी म्हणालो, “जाऊ द्या काका.”

पंपवाल्यांना काढल्याचं कळलं तसे ते चेअरमनच्या दारात गेले. मीही मागे गेलो, कारण आता उघड होणार हे मला दिसत होतं. चेअरमन बूट घालत होते. चौदा म्हणाले, “झाकणाबद्दल मी फळ्यावर लिहिलं होतं, ते तुम्ही—”

“वाचलं, वाचलं काका.” चेअरमन नाडी बांधत होते. “झालं ते झालं. तुम्ही टेन्शन घेऊ नका. पंपवाल्याचं पण मिटवलं आपण.”

“वाचूनही काढलंत?”

“काका, सोसायटी चालवायची म्हणजे कुणाला तरी काढावं लागतं.” आणि ते जिना उतरून गेले.

तिथे, त्या क्षणी, माझ्या हातात सगळं होतं. एक वाक्य. ‘काका, त्यांनी वाचलेलं नाही, मी पुसलं.’ मी कठडा धरून उभा राहिलो. खोटं वाटेल, पण मला सुटल्यासारखं वाटलं होतं. चौदा एकेक पायरी बघत खाली उतरले. त्यानंतर त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. तोंडी सांगायचा प्रश्नच नव्हता. एकदा लेखी दिलेलं पुन्हा तोंडी सांगत फिरणं म्हणजे दया मागणं, असं ते म्हणत.

ते पंपवाल्यांना शोधायला मात्र दिघ्याला गेले. एकटे, बसने, भर उन्हात, दोनदा. रिक्षा स्टँडवर उतरून ते लोकांना विचारत होते, “पंपवाले कुठे राहतात?” दिघ्यात गल्लीला गल्ली चिकटलेली, घराला घर. पंपवाले कितीतरी. “नाव काय बाबा?” लोक विचारायचे. जन्मभर नंबरावर माणसं ओळखलेल्या माणसाला नाव माहीत नव्हतं. पंपवाल्यांना तर नंबरही नव्हता.

दुसऱ्यांदा परत आले तेव्हा माझ्या दारात उभे राहिले. शर्ट पाठीला चिकटलेला. “अकरा, तुम्ही कमिटीत आहात. त्यांचं नाव-पत्ता असेल ना फाइलमध्ये?”

“नसतो ठेवत, काका,” मी म्हणालो. “रोजचा माणूस होता.”

फाइल माझ्याच कपाटात होती. नाव, फोन, चाळीचा नंबर, सगळं.

तीन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आठवड्यात मी रोज जात होतो. आवाज खोल गेला होता. एकदा मला जवळ बोलावलं. म्हणाले, “आपला सिद्धांत बरोबर निघाला. मी लेखी दिलं, नाव घालून दिलं. वीस घरांतून एक माणूस विचारायला आला नाही. एक.” मग म्हणाले, “तो खोटा निघायला हवा होता हो. मी खोटा निघावा म्हणूनच तर परीक्षा घेत होतो.”

मी त्यांचे पाय दाबत होतो. ते वजन त्यांनी मला दिलं. माझ्या टेबलाच्या खणात आहे.

एवढं सगळं गिळून माझी आठ वर्षं गेली. अजूनही गेली असती. गेल्या महिन्यात मुलीला कॉलेजातून स्कूटरवर आणत होतो. आमच्या रस्त्यावर गटाराचं झाकण सरकलेलं दिसलं. माझा वेग आपोआप कमी झाला. मागून ती म्हणाली, “बाबा, हात नका लावू. ग्रुपवर टाका. सात नंबरच्या आंटींचं काय झालं विसरलात का? कुणी सांगितलं होतं त्यांना मध्ये पडायला?”

अगदी सहज म्हणाली. छोटे अकरा. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. “कुणी म्हणजे? सगळेच म्हणतात. मम्मीपण म्हणते. तुम्हीपण होतात तेव्हा समोर, काही म्हणाला नाहीत.”

मी स्कूटर थांबवली, झाकण सरकवलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. उरलेला रस्ता गाडी तिनेच चालवली. त्या आठवड्यात मी पनवेलला गेलो. बाई आता मुलीकडे असतात, काठी घेऊन चालतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. बरोबरच होतं. दारातून हाक मारून एवढंच विचारलं, “चौदांनी खरंच ‘पास’ म्हटलं होतं?” मी हो म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं.

मग रविवारी दिघा. फाइलमधला पत्ता. रिक्षा स्टँडपासून मी पावलं मोजली, मोजायची सवय त्यांचीच. एकशे ऐंशी. पंपवाले दारातच खुर्ची टाकून बसले होते. ओळखलं. नाव इथे लिहीत नाही, त्यांनी नको म्हटलंय.

“अकरा नंबर ना? या की. बसा.”

त्यांची मुलगी आत पुस्तक घेऊन बसली होती, कसल्याशा परीक्षेचा अभ्यास. पंपवाल्यांनी काही न विचारता सांगायला सुरुवात केली, जणू मी काल येऊन गेलो होतो. आमच्या सोसायटीचं ऐकून उरलेल्या तीन सोसायट्यांनीही त्यांना काढलं. पाच महिने काम नव्हतं. मुलीचं एक वर्ष गेलं. आता कंपनीत कॅन्टीनला आहेत, बरं चाललंय.

“तुम्ही झाकण लावलं होतं,” मी म्हणालो. “मला माहीत होतं.”

“मलाबी माहीत होतं, तुमाला माहीत हाय म्हनून.” ते शांतपणे म्हणाले. “मी वाचलं होतं ना फळ्यावर.”

मला काही कळेना.

“साडेपाचला पंप लावायला आलो. फळ्यावर म्हाताऱ्याचं अक्षर. चौदा, अकरा, सगळं लिव्हलेलं. वॉचमन म्हनला, नऊला कमिटीनं बोलावलंय. म्हनलं बोलावू द्या, मला कशाची भीती? म्हाताऱ्यानं सोताच्या हातानं लिव्हून ठेवलंय. दुसऱ्या बिल्डिंगचा पंप करून आलो, तर फळा कोरा.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “तवा कळलं. रातभर मनाला लागलं असंल, सकाळी लिव्हलं. मग भ्याला आनि येऊन पुसलं. ते मला लई लागलं बगा. काम गेलं त्याचं येवढं न्हाई. म्हनलं, असला मानूससुद्दा असा निघतो. पोरीला तवाच सांगितलं, मोठ्या मानसाच्या लिव्हन्यावर, बोलन्यावर कधी जाऊ नगं.”

म्हणजे एक म्हातारा आमच्या चौदा नंबरात, सगळ्यांनी वाचून गिळलं असं समजून गेला. आणि ज्या एका माणसाने खरंच वाचलं होतं, तो इथे बसून, म्हाताऱ्याने शब्द फिरवला असं आठ वर्षं समजत होता. दोघांनी एकमेकांना नापास केलं होतं. मध्ये माझा एक ओला रुमाल.

“त्यांनी नाही पुसलं,” मी म्हणालो. “मी पुसलं.”

पंपवाले उठले. आत गेले. माठातलं पाणी प्यायल्याचा आवाज आला. मला वाटलं आता बाहेर येऊन मारतील. मारायला हवं होतं. बाहेर आले ते उंबऱ्यातच बसले.

“आठ वर्षं मी त्या मानसाला शिव्या घातल्या,” म्हणाले. “हाय का ते?”

“गेले. पाच वर्षं झाली. तुम्हाला शोधायला इथे आले होते. दोनदा.”

“इथं? दिघ्याला?”

“स्टँडपर्यंत. लोकांना विचारत होते. मग परत गेले.”

पंपवाल्यांनी गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिथून स्टँडवरच्या रिक्षांचे टप दिसत होते. ते बघतच राहिले.

मुलगी केव्हा दारात येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. बोट पुस्तकात तसंच होतं.

“परत का गेले?” तिने विचारलं.

“नाव माहीत नव्हतं त्यांना.”

“कुणालाच माहीत नव्हतं?”

ती उत्तराची वाट बघत होती. तिचे वडील अजून रिक्षांकडे बघत होते.

“मला होतं,” मी म्हणालो.